धातूचे छोटे भाग कापणारं सीएनसी मिलिंग मशिन घरी कसं बांधायचं

दुर्बिणीचा फोकसर, कॅमेरा बसवायचा अ‍ॅडॉप्टर, रोबोटचा एखादा ब्रॅकेट. असे भाग एक-दोन नग हवे असले की वर्कशॉपमध्ये कुणी दाद देत नाही. त्यांचंही बरोबरच आहे, एका नगासाठी प्रोग्रॅम लिहून सेटिंग लावणं त्यांना परवडत नाही. मी दुर्बिणी बनवतो, आणि या अडचणीतूनच घरच्या सीएनसी मशिनकडे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनकडे, वळलो. आता अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेचे भाग मी घरीच कापतो, अधूनमधून माइल्ड स्टीलसुद्धा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला कामं कोणत्या क्रमाने करायची, पैसे कुठे घालायचे आणि कुठे सांभाळायचं हे एका जागी मिळावं, म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इंटरनेटवर घरगुती सीएनसीचे जे आराखडे मिळतात त्यातले बहुतेक लाकूड कापायच्या राउटरचे असतात. लाकूड कटरला फारसा विरोध करत नाही. धातू करतो, आणि त्या दाबाने मशिन जिथे कुठे वाकू शकतं तिथे वाकतं. मग कटर थरथरतो, पृष्ठभागावर लाटा उमटतात, माप चुकतं आणि शेवटी कटर तुटतो. म्हणून धातूच्या मशिनचा मोठा खर्च आणि मोठी मेहनत सांगाड्यावर आणि जुळवणीवर जायला हवी. मोटर, ड्रायव्हर (मोटरला वीज देणारा), कंट्रोलर (प्रोग्रॅम वाचून ड्रायव्हरला हुकूम देणारा) या वस्तू पुढे कधीही बदलता येतात. सांगाडा बदलायचा म्हणजे मशिनच नव्याने बांधायचं.

१. आधी जॉब, म्हणजे कापायचा भाग, ठरवा

येत्या वर्षभरात काय काय कापायचं आहे ते कागदावर लिहा. त्यातला सर्वांत मोठा भाग केवढा, धातू कोणता, माप किती अचूक हवं, एवढं तरी हवंच. नवीन माणूस नेहमी ६०० बाय ९०० मिमीचं टेबल मागतो, कारण मोठं मशिन जास्त उपयोगी वाटतं. धातूच्या बाबतीत ते उलटं पडतं. एका टोकाला पकडलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच दाबाने तो आठपट वाकतो. हे गणित मशिनच्या प्रत्येक लांबलेल्या भागाला लागू आहे. खांब, झेड (वर-खाली) अक्षाचा हात, कोलेटबाहेर (कटर पकडणाऱ्या बाहीबाहेर) आलेला कटर, सगळ्यांना.

छोट्या भागांसाठी एक्समध्ये (आडवी) २०० मिमी, वायमध्ये (पुढेमागे) २०० ते २५० आणि झेडमध्ये १०० मिमी चाल पुरते. एखादा लांब भाग लागलाच, तर तो दोन सेटिंगमध्ये कापता येतो.

२. रचना निवडा

तीन रचना प्रचलित आहेत. पहिलीत टेबल स्थिर असतं आणि त्यावरून गँट्री, म्हणजे वरची कमान, पुढेमागे सरकते. ही राउटरची रचना. दुसरीत कमान बेडला कायमची बोल्टने बसवलेली असते आणि टेबल तिच्याखालून सरकतं. तिसरी मोठ्या व्हीएमसीसारखी (कारखान्यातलं उभं सीएनसी मशिन), मागे एक जाड खांब आणि त्यावर झेड अक्ष.

पहिल्यांदा बांधताना दुसरी रचना घ्यावी असं माझं ठाम मत आहे. कमान हलत नाही, त्यामुळे ती हवी तेवढी जड करता येते आणि मोटरवर भार येत नाही. कमानीला दोन्ही बाजूंनी आधार असतो. जागा थोडी जास्त लागते, कारण टेबल पुढे आणि मागे बाहेर निघतं. कमानीखालची मोकळी उंची मात्र मोजून ठेवा. व्हाइस (जॉब पकडायचा चाप), जॉब आणि कटर मावतील एवढीच. 'कधीतरी लागेल' म्हणून वाढवलेले ५० मिमी प्रत्येक कटला थरथर देत राहतात.

चौथा मार्गही आहे. जुनं छोटं हाताचं मिलिंग मशिन घेऊन त्याला बॉल स्क्रू (नटात गोळ्या असलेला, फिरवला की टेबल सरकवणारा स्क्रू) आणि मोटर बसवायच्या. चांगल्या स्थितीतलं मशिन मिळालं तर हा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा, कारण बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, सांगाडा तयारच मिळतो. फक्त ड्रिल मशिनला मिलिंग मशिन बनवायला जाऊ नका. त्याचे बेअरिंग बाजूचा दाब घ्यायला केलेले नसतात आणि नुसत्या टेपरवर अडकलेला चक थरथरीने निसटून खाली येतो.

३. सांगाडा

साहित्याची तुलना करताना एक आकडा लक्षात ठेवा. वाकायला विरोध करण्यात स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. बीड या दोघांच्या मध्ये येतं, पण त्यातल्या ग्राफाइटमुळे कंपनं चांगली शोषली जातात. म्हणून पिढ्यान् पिढ्या मशिनचे बेड बिडाचे होतात. प्लायवूड, एमडीएफ आणि थ्रीडी प्रिंट केलेले भाग सांगाड्यात नकोत. केबल धरायला, झाकण करायला ते उत्तम.

घरच्यासाठी सोयीचं म्हणजे १६ ते २० मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, किंवा १०० बाय १०० मिमीचा, ६ मिमी जाड भिंतीचा चौकोनी पाइप. पाइप पोकळ असल्याने घंटेसारखा वाजतो. त्यात कोरडी वाळू, बारीक खडी आणि एपॉक्सी यांचं मिश्रण भरलं की तो आवाज बसतो. एपॉक्सी वजनाने साधारण १० ते १५ टक्के पुरतं. एकदम सगळं ओतू नका, जाड थरात एपॉक्सी फार तापतं. थोडं थोडं भरा, ठोकून हवा काढा.

बंद पडलेल्या टूलरूममधून निघालेली जुनी सरफेस प्लेट, अँगल प्लेट किंवा टी-स्लॉटचं टेबल भंगारात दिसलं तर सोडू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बिडातला अंतर्गत ताण बराचसा निघून गेलेला असतो. असा तुकडा नव्या प्लेटपेक्षा बेडसाठी कधीही चांगला. कोल्हापूर भागात ओळखीची फाउंड्री असेल तर लाकडी पॅटर्न करून एफजी २६० प्रतीच्या बिडात बेड ओतून घेता येतो. पण एकाच नगासाठी कुणी तयार होईल का, ते पॅटर्न करण्याआधी विचारा.

आता वेल्डिंगबद्दल, कारण इथे बहुतेक जण अडकतात. वेल्ड केलेला सांगाडा थंड होताना ओढला जातो. तो कितीही काटकोनात पकडून वेल्ड करा, सोडला की सरकतो. आणि मशिनिंग करून सपाट केल्यावरसुद्धा आत राहिलेला ताण पुढे महिनोन् महिने हळूहळू सुटत राहतो. वेल्ड करायचंच असेल तर नंतर हीट ट्रीटमेंटवाल्याकडून स्ट्रेस रिलीव्ह करून घ्या. साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून भट्टीतच सावकाश थंड करतात. तेही मशिनिंगच्या आधी, नंतर नाही. हे सगळं टाळायचं असेल तर प्लेट बोल्टने जोडा. एम८ चे १२.९ ग्रेडचे अ‍ॅलन बोल्ट आणि प्रत्येक सांध्याला दोन डॉवेल पिना. पिनांमुळे सांगाडा उघडून परत जोडला तरी भाग त्याच जागी बसतो.

रेल, म्हणजे टेबल ज्यावरून सरकतं त्या पट्ट्या, जिथे बसतात त्या बैठका बाहेरून मशिन करून घ्याव्या लागतात, याला पर्याय नाही. भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, कुपवाड, हिंगणा, कुठल्याही एमआयडीसीत मिलिंग आणि सरफेस ग्राइंडिंगचं जॉबवर्क करणारे मिळतात. त्यांच्याकडे जाताना तोंडी सांगू नका, ड्रॉइंग न्या. त्यावर तीन गोष्टी ठळक लिहा:

- एका प्लेटवरच्या दोन्ही रेलच्या बैठका एकाच सेटिंगमध्ये, जॉब न सोडता, मशिन करायच्या.
- एका बैठकीला ३ ते ४ मिमीचा खांदा हवा, म्हणजे रेल त्याला टेकवून सरळ बसवता येते.
- सपाटपणा आणि समांतरपणा २० मायक्रॉनच्या (०.०२ मिमी) आत.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. कंपन्यांचा माल रवाना करायची त्यांची घाई असते आणि तुमचा एक नग मागे पडतो.

४. रेल, स्क्रू आणि बाकीची खरेदी

- चौकोनी लिनिअर रेल: १५ मिमीची एचजीआर१५ चालते, २० मिमीची असेल तर उत्तम. प्रत्येक अक्षाला दोन रेल, चार ब्लॉक (रेलवर सरकणारे तुकडे).
- बॉल स्क्रू: एसएफयू१६०५, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्यात ५ मिमी चाल. सी७ प्रत पुरते. तिच्यात ३०० मिमी लांबीला ५० मायक्रॉनपर्यंत फरक चालवून घेतलेला असतो.
- बेअरिंग ब्लॉक (स्क्रूची टोकं धरणारे): एका बाजूला बीके१२, दुसऱ्या बाजूला बीएफ१२.
- कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारं): जॉ किंवा डिस्क प्रकारचं.
- स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग ठरवणारं उपकरण), अक्षांच्या मोटर, ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, कंट्रोलर (यांच्याबद्दल पुढे).
- मोजायला: ०.०१ मिमीचा डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारा) आणि मॅग्नेटिक स्टँड, ०.००२ चा लिव्हर डायल मिळाला तर तोही, चांगला गुण्या, डिजिटल व्हर्नियर, मायक्रोमीटर, शिमचा पत्रा (उंची जुळवायला खाली घालायचा पातळ पत्रा).
- मल्टिमीटर, टॉर्क रेंच, अ‍ॅलन कीचा सेट, एम३ ते एम८ टॅप.

कटर, डायल, कोलेट यांसाठी मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. वायर, कनेक्टर, स्विच यांसाठी पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड. परदेशातून कुरिअरने मागवलंत तर कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धरून हिशेब करा. केवायसीसाठी आधार, पॅन, विक्रेत्याचं बिल आणि पैसे भरल्याची नोंद तयार ठेवा. ती नसली की पार्सल अडकून पडतं.

खरेदीतले काही सापळे. बिनआधाराचे गोल रॉड, म्हणजे फक्त दोन टोकांना धरलेले, धातूच्या मशिनला अजिबात नकोत. मध्यभागी ते धनुष्यासारखे वाकतात. स्वस्तातलं सर्पिल खाच पाडलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कपलिंग स्प्रिंगसारखं वागतं, ते घेऊ नका. बॉल स्क्रूची टोकं कारखान्यातूनच टर्न करून मागवा, कारण तो कठीण केलेला असतो, साध्या लेथवर जुमानत नाही. बीके१२ हातात आल्यावर उघडून पाहा. स्वस्त ब्लॉकमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्टच्या (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब घेणाऱ्या) जागी साधे डीप ग्रूव्ह बेअरिंग घातलेले सापडतात. तसं असेल तर ७००१ क्रमांकाची अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी समोरासमोर बसवून घ्या. त्याशिवाय स्क्रू पुढेमागे हलत राहील आणि तुम्ही दोष बॉल नटला देत बसाल.

ब्लॉक रेलवरून आणि नट स्क्रूवरून कधीच नुसता बाहेर सरकवू नका. आतल्या गोळ्या सांडतात. सोबत आलेली प्लॅस्टिकची पट्टी किंवा नळी टेकवूनच उतरवा.

५. जुळवणी

या कामात घाई केली तर पुढचं सगळं वाया. दिवसभरात एक अक्ष जुळला तरी काम छान झालं असं समजा.

आधी बैठकांवरची बर (कापताना राहिलेली बारीक धार) ऑइलस्टोनने काढा आणि रॉकेलने किंवा थिनरने पुसून घ्या. पहिली रेल खांद्याला घट्ट टेकवून, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूंना जात, दोन-तीन टप्प्यांत कसा. ही तुमची मुख्य रेल. दुसरी रेल हलकीच पकडून ठेवा. मुख्य रेलच्या ब्लॉकवर डायल लावा, त्याचं टोक दुसऱ्या रेलच्या बाजूला टेकवा आणि ब्लॉक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. काटा १० मायक्रॉनच्या आत राहील असं रेलला हलकं ठोकत, बोल्ट एकेक करून कसत जा. शेवटी टेबलाची प्लेट चारही ब्लॉकवर बसवा आणि एका बोटाने ढकलून पाहा. संपूर्ण चालीत जोर सारखाच लागला पाहिजे. एखाद्या जागी जड लागलं तर तिथे रेल समांतर नाही किंवा बैठकीखाली कचरा आहे. पुन्हा उघडा.

स्क्रूचंही तसंच. नटाचा ब्रॅकेट सैल ठेवा, टेबल बीके१२ कडे नेऊन तिथे कसा, मग बीएफ१२ च्या टोकाला नेऊन तो ब्लॉक कसा. उंची जुळत नसेल तर खाली शिम घाला. स्क्रू हाताने फिरवताना कुठेही अडायला नको.

आता काटकोन. एक्स आणि वाय अक्ष एकमेकांना काटकोनात आहेत का, हे तपासायला गुण्या लागतो. पण तुमचा गुण्या तरी खरा आहे का? ते त्याच तपासणीत कळतं. गुण्या टेबलावर ठेवा, त्याची एक बाजू डायलने एक्सला समांतर करा. मग डायल दुसऱ्या बाजूवरून वायमध्ये चालवा. समजा १५० मिमीत काटा एक्सच्या अधिक दिशेला ०.०६ मिमी सरकला. आता गुण्या उलटा पालथा करा, म्हणजे एक्सवरची त्याची बाजू विरुद्ध दिशेला जाईल. परत जुळवा आणि परत मोजा. या वेळी त्याच दिशेला ०.०२ आला. मशिनची चूक दोन्ही वेळा एकाच दिशेला दिसते, गुण्याची चूक उलटते. म्हणून मशिनची चूक दोन्हींची सरासरी, म्हणजे ०.०४, आणि गुण्याची ०.०२. या पद्धतीने साध्या गुण्यावरही विश्वासाचं माप मिळतं. महागडा ग्रॅनाइटचा चौकोन घ्यायची गरज पडत नाही. झेडचा काटकोनही असाच, गुण्या उभा करून तपासा.

६. स्पिंडल आणि व्हीएफडी

अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेसाठी पाण्याने थंड होणारा, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा स्पिंडल घ्या. १.५ किलोवॅट पुरे. सोबत कोलेटचा आकार पाहा. ईआर११ मध्ये ७ मिमीपर्यंतचा दांडा बसतो, ईआर१६ मध्ये १०, ईआर२० मध्ये १३. तुमचं मुख्य काम स्टीलचं असेल तर हा स्पिंडल योग्य नाही. कमी फेऱ्यांवर त्याची ताकद त्याच प्रमाणात घटते. त्या कामाला पट्ट्यावर चालणारा, कमी वेगाचा स्पिंडल लागतो.

या स्पिंडलला २३० व्होल्टचा घरचा सिंगल फेज थेट देता येत नाही. मध्ये व्हीएफडी लागतो. आणि इथेच पहिल्याच दिवशी स्पिंडल जळण्याचा धोका असतो. अनेक व्हीएफडी ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट होऊन येतात. हा स्पिंडल ४०० हर्ट्झचा आहे. ५० हर्ट्झलाच त्याला पूर्ण व्होल्टेज मिळालं तर वाइंडिंग काही वेळात तापून जातं. म्हणून स्पिंडलची वायर जोडण्याआधी व्हीएफडीत हे भरा: बेस फ्रिक्वेन्सी ४००, कमाल फ्रिक्वेन्सी ४००, किमान १०० च्या आसपास, व्होल्टेज आणि करंट स्पिंडलच्या नेमप्लेटवरून. सगळं भरून झाल्यावर एकदा परत वाचा, मगच वायर जोडा.

स्पिंडलच्या चार पिनांच्या कनेक्टरमधली चौथी पिन अर्थिंगची असते. काही स्पिंडलमध्ये ती आतून जोडलेलीच नसते. मल्टिमीटरचं एक टोक त्या पिनेला, दुसरं स्पिंडलच्या धातूच्या अंगाला लावा. बीप आला नाही तर झाकण उघडून अर्थिंगची वायर बसवा. धातूचं मशिन, ओलं कूलंट आणि पाण्याचा पंप एकत्र असताना याला पर्याय नाही. व्हीएफडीचा प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ धोकादायक व्होल्टेज राहतं, हेही लक्षात असू द्या.

नवा स्पिंडल पहिल्यांदा थेट पूर्ण वेगात नेऊ नका. ६,००० वर चालू ठेवा, हात लावून उष्णता पाहा, मग टप्प्याटप्प्याने वाढवा. आतलं ग्रीस सगळीकडे पसरू द्या. पाणी फिरतं आहे याची खात्री प्रत्येक वेळी करा. फ्लो स्विच लावला तर ती चिंताच मिटते.

कोलेट बसवायची रीत बघून घ्या. कोलेट आधी नटमध्ये तिरका धरून 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवायचा, मग नट स्पिंडलवर दोन आटे फिरवायचा, मग कटर घालायचा, मग कसायचं. कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट कसला तर तो वाकडा बसतो, कटर डोलतो आणि कोलेट कायमचा खराब होतो.

७. मोटर, ड्रायव्हर, कंट्रोलर

नेमा २३ आकाराच्या, २ न्यूटन मीटरच्या आसपासच्या स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या) मोटर, डीएम५४२ सारखे ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा पॉवर सप्लाय. या ड्रायव्हरची कमाल मर्यादा ५० व्होल्ट आहे. ४८ व्होल्ट दिले तर मोटर थांबताना उलट येणारं व्होल्टेज ती मर्यादा ओलांडू शकतं, म्हणून ३६ बरा. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

कंट्रोलरला पहिल्या मशिनसाठी आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर चालणारा जीआरबीएल हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. हिशेब करून पाहा. मोटरचे एका फेऱ्यात २०० टप्पे, ड्रायव्हरवर आठपट मायक्रोस्टेप, म्हणजे १६००. स्क्रूची चाल ५ मिमी. १६०० भागिले ५, म्हणजे मिमीला ३२० टप्पे. जीआरबीएल सेकंदाला ३०,००० टप्पे देऊ शकतो, म्हणजे मिनिटाला ५ मीटरहून अधिक वेग. छोट्या मशिनला एवढा लागतच नाही. पुढे स्पिंडलनेच आटे पाडायचे असतील तेव्हा संगणकावर चालणाऱ्या लिनक्ससीएनसी या प्रोग्रॅमकडे वळा. तो मोफत आणि फार सामर्थ्यवान आहे, पण शिकायला वेळ मागतो.

लिमिट स्विच (टेबल टोकाला पोचलं की मशिन थांबवणारे) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं ठेवणाऱ्या, प्रकारात जोडा. वायर तुटली तर मशिन लगेच थांबतं. उलट जोडणीत वायर तुटल्याचं कळतच नाही आणि टेबल टोकाला जाऊन आदळतं.

८. पॅनल आणि इमर्जन्सी स्टॉप

व्हीएफडी हा विजेचा मोठा गोंगाट करतो. त्याची स्पिंडलकडे जाणारी वायर शील्डची घ्या आणि मोटर-स्विचच्या वायरींपासून दूर ठेवा. यूएसबी केबल आखूड, फेराइट (हा गोंगाट अडवणारं कडं) असलेली घ्या. मधूनच कंट्रोलरचा संपर्क तुटतो, जॉब अर्धवट थांबतो, अशा तक्रारींचं मूळ सहसा इथेच असतं. सगळ्या अर्थिंग एकाच पट्टीवर आणा. घराचं अर्थिंग खरंच चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. प्लग १६ अँपिअरचा, स्वतंत्र एमसीबीवर.

लाल मश्रूम बटणाने ड्रायव्हरचा सप्लाय आणि व्हीएफडी दोन्हींची वीज कॉन्टॅक्टरमार्फत (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्फत) खरोखर तुटली पाहिजे. नुसता सॉफ्टवेअरला सिग्नल देणारं बटण पुरेसं नाही. वीज गेल्यावरही स्पिंडल काही सेकंद फिरत राहतो, तेवढा वेळ हात लांब ठेवा.

९. पहिली हालचाल आणि तपासणी

कंट्रोलरमध्ये मिमीमागच्या टप्प्यांचा आकडा हिशेबातून आलेलाच, म्हणजे ३२०, भरा. पट्टीने मोजून तो ३१९.४ वगैरे करायचा सल्ला अनेक जण देतात. पट्टीची चूक स्क्रूच्या चुकीपेक्षा मोठी असते, त्यामुळे चांगलं माप बिघडतं.

बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी चाल, असा मोजा. डायल टेबलाला टेकवा, एकाच दिशेने काही मिमी जा, काटा शून्यावर घ्या. मग उलट दिशेला ०.०१ मिमीच्या टप्प्याने जात राहा. काटा हलायला लागेपर्यंत जितके टप्पे गेले तितका बॅकलॅश. ०.०२ च्या आत असेल तर छान. जास्त असेल तर आधी बीके१२ ची लॉकनट, मग कपलिंगचे स्क्रू तपासा. नट सर्वांत शेवटी.

टप्पे सुटतात का, हे पाहायला टेबल पूर्ण चालीत वेगाने शंभरेक वेळा पुढेमागे चालवा आणि शून्यावर आणा. काटा जिथे होता तिथेच यायला हवा. नाही आला तर अ‍ॅक्सिलरेशन कमी करा.

शेवटी स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का ते बघा. कोलेटमध्ये डायलची दांडी पकडून हाताने पूर्ण गोल फिरवा. २०० मिमी व्यासात काटा २० मायक्रॉनच्या आत राहायला हवा. नाहीतर स्पिंडलच्या प्लेटखाली शिम घाला.

१०. पहिला कट

प्रोग्रॅमसाठी फ्रीकॅड मोफत आहे आणि छोट्या भागांना पुरून उरतं. पहिला प्रोग्रॅम हवेत चालवा, म्हणजे झेडचं शून्य जॉबच्या २० मिमी वर घेऊन. मग लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक. मग अ‍ॅल्युमिनियम.

अ‍ॅल्युमिनियम कुठलं हे महत्त्वाचं आहे. खिडक्यांच्या सेक्शनचं ६०६३ मऊ असतं, कटरला चिकटतं. ६०६१-टी६ किंवा बाजारात एचई३० म्हणून मिळणारं ६०८२ मागा, बिलावर प्रत लिहून घ्या. कटर दोन किंवा तीन फ्लूटचा (दातांचा), बिनकोटिंगचा कार्बाइड. टीआयएएलएन कोटिंगचा कटर अ‍ॅल्युमिनियमला नको, त्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम असल्याने ते चिकटायला मदत होते.

फेऱ्यांचं सूत्र: कापण्याचा वेग गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले व्यास. ६ मिमी कटर आणि मिनिटाला २०० मीटर धरले तर साधारण १०,६०० फेऱ्या. दोन फ्लूट, प्रत्येक दाताला ०.०३ मिमी, म्हणजे फीड (कटर पुढे सरकायचा वेग) मिनिटाला साधारण ६३५ मिमी. खोली सुरुवातीला अर्धा मिमी. माइल्ड स्टीलला वेग ९० मीटरच्या आसपास, म्हणजे ४ मिमी कटरला साधारण ७,२०० फेऱ्या, चार फ्लूटचा कटर आणि खोली ०.२ ते ०.३. स्पिंडल कुरकुरला तर लगेच सोडून द्या.

भीतीपोटी फीड खूप कमी करणं हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा सापळा. दाताला पुरेसा धातू मिळाला नाही की तो कापत नाही, घासतो. घासला की तापतो, तापला की अ‍ॅल्युमिनियम चिकटतं, आणि मग कटर मोडतो. फीड कमी करायचं असेल तर फेऱ्याही त्याच प्रमाणात कमी करा, किंवा खोली कमी करा. कटर कोलेटबाहेर गरजेपुरताच काढा.

चरात अडकलेला कीस परत कापला जाऊ देऊ नका. हवेच्या झोताने तो सतत बाहेर काढा आणि ब्रशने पाण्यात मिसळलेलं सोल्यूबल ऑइल लावत राहा. रॉकेल लावायची जुनी सवय बंद जागेत आगीला निमंत्रण आहे. डोळ्यांना गॉगल हवाच. हातमोजे घालू नका, फिरता कटर ते ओढून घेतो. ओढणी, गळ्यातली साखळी, सैल बाह्या, मोकळे केस यांचंही तेच. कीस हाताने झाडू नका.

पहिला खरा जॉब म्हणून ५० मिमीचा चौकोन आणि त्याच्या वर ४० मिमीचं वर्तुळ कापा. वर्तुळ तिरक्या दिशांनी मोजल्यावर लांबट आलं तर एक्स-वाय काटकोनात नाहीत. वर्तुळाच्या चार टोकांना, जिथे एखादा अक्ष दिशा बदलतो तिथे, बारीक उंचवटे दिसले तर बॅकलॅश आहे. बाजूंवर समान अंतरावर लाटा असतील तर थरथर, मग कटर आखूड करा किंवा फेऱ्या बदलून पाहा. हा तुकडा तारीख घालून जपून ठेवा. मशिनमध्ये काही बदललं की नवा तुकडा कापा आणि शेजारी ठेवून मोजा.

पावसाळ्याच्या आधी रेल आणि स्क्रूवर ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल लावून ठेवा, आणि मशिन चार दिवस बंद राहणार असेल तर वर कापड टाकण्याआधी टेबल पुसून कोरडं करा. कूलंटमधलं पाणी बिडावर एका रात्रीत गंज धरतं. पहिल्या महिन्याभराच्या कामानंतर सांगाड्याचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि काटकोन परत एकदा मोजा.